यमाक्काचा शेक

पहिलीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी मुलांना आईचं नाव विचारते. कुणी सुनीता सांगतं, कुणी पूजा, कुणी नुसतंच मम्मी. एका वर्षी ईश्वरी नावाची मुलगी उभी राहिली आणि हाताची घडी घालून खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या आईचं नाव सावकाश." वर्गात कुणीच हसलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. पोरांना ते खरंच नाव वाटत होतं, कारण गावात ईश्वरीच्या आईला दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारतच नव्हतं.

हे नाव ठेवणारी बाई म्हणजे ईश्वरीची आजी यमुनाबाई, गावाची यमुनाक्का. माझी घरमालकीण आणि भिंतीला भिंत लागून शेजारीण. मी संध्याकाळी तक्रार घेऊन गेले, तर ती बंद गुऱ्हाळासमोर बाजेवर बसून डागडुजी करणाऱ्या कामगारांवर ओरडत होती. माझं ऐकून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. ते पदरानं पुसून म्हणाली, "पोरगी खरं बोलली की. त्यासाठी हाणलं न्हाईस ना तिला?"

आमचं गाव केडगाव आणि भांडगावच्या मधलं. मी मूळची शिरूरची. वडिलांचं तिथं चपलांचं दुकान होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून या गावात आले आणि अक्काच्या खोलीत भाड्यानं राहिले. एकट्या मुसलमान बाईला खोली द्यायला दोन घरांनी आढेवेढे घेतले होते. अक्कानं विचारलं ते एवढंच की सकाळी लवकर उठतेस का, कारण नळाला पाणी पहाटेच येतं.

माणसाच्या तोंडात कायम जो शब्द असतो तो उचलून अक्का त्याच्याच गळ्यात बांधायची. ग्रामसेवक फोनवर 'येतोच' म्हणायचा आणि दिवसभर यायचा नाही, म्हणून तो येतोच. तिचा एकुलता एक मुलगा दिलीप कुरकुंभच्या एका कारखान्यात होता. घरातल्या कुठल्याही कामाला तो 'ड्युटी आहे' म्हणायचा, म्हणून पोटचा पोरगाही ड्युटी. बोलायला सुरुवात करताना मी 'खरं म्हणजे' म्हणते हे मला स्वतःला माहीत नव्हतं. खोली बघायला गेले त्याच दिवशी, पुरता चहाही झाला नव्हता, तेवढ्यात अक्का म्हणाली, "खरंम्हंजीबाई, कप तिथंच ठेवा." दुसऱ्या दिवसापासून 'ठेवा'चं 'ठेव' झालं. बाईला तुम्ही म्हणायची गावाची रीत तिनं माझ्यापुरती मोडली आणि मीही कधी हरकत घेतली नाही.

सुनेचं खरं नाव मनीषा. पाबळची, बारावी शिकलेली, उंच आणि कमी बोलणारी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ओसरीवर पाहुणे बसलेले असताना अक्कानं चहासाठी हाक मारली. मनीषा आतून म्हणाली, "सावकाश करते, दूध उतू जाईल." एवढंच ती बोलली होती आणि तेवढ्यावर तिचं बारसं झालं.

गावानंही सूड घेतला होता. यमुनाक्कातलं एक अक्षर खाऊन लोकांनी तिची यमाक्का केली होती. एकदा एका पोरसवदा ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडून तिच्यासमोरच ते निसटलं आणि तो पांढराफटक पडला. अक्का म्हणाली, "बराबर हाय. यमाला कुणी उद्या ये म्हणत न्हाई."

नवरा गेल्यावर गुऱ्हाळ तिनं एकटीनं चालवलं. काहिलीच्या मोठ्या कढईतला रस कधी उतरवायचा हे ती लांबूनच ओळखायची, पण कामगाराच्या चेहऱ्यावर काय उकळतंय हे तिनं कधी बघितलं नाही. एक व्यापारी गूळ काळा आहे म्हणून नाक मुरडायला लागला, तेव्हा तिनं त्याला विचारलं, "तुझ्या घरात आरसा न्हाई का?" हे सगळं ऐकायला मजा यायची, मी नाकारत नाही. पण एकदा उत्तर प्रदेशातून आलेल्या, गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला फोन आला की त्याची बायको गेली. तो रडत सुट्टी मागायला आला. काहिलीत रस उकळत होता. अक्का म्हणाली, "तू पळत गेलास तर ती उठून बसणार हाय का? काहील उतरव आन् मग जा." त्यानं डोळे पुसत काहील उतरवली, गार करायच्या वाफ्यात गूळ ओतला आणि गेला. पुन्हा आला नाही. त्या दिवशी तिच्या घरचा चहा मी घेतला नाही.

तरीही ती मला आवडायची. माणसाच्या पाठीमागे ती जे बोलायची ते सगळं त्याच्या तोंडावर आधीच बोललेली असायची. ईदला शिरखुर्म्याची वाटी नेली की संपवून वर म्हणायची, "शेवया कच्च्या ऱ्हायल्यात. तुज्या आईला विचार कसं करत्यात ते." आणि दुसरी वाटी मागायची.

तिला छातीत डाव्या बाजूला गाठ लागली ती आंघोळीच्या वेळी. तिनं ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. मग एकदा मला आमच्या खोल्यांच्या मधल्या दारातून हाक मारली आणि विचारलं, "तुमच्या शाळेत त्या तपासणीवाल्या बाया येत्यात, त्या परत कवा येणार?" त्यांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी पूर्ण बाजू काढावी लागेल असं सांगितलं आणि काढली. नंतर गावातल्या बायका बघायला यायला लागल्या. त्यांतली एक पदर तोंडाला लावून रडत म्हणाली, "अक्का, देवानं तुमचंच का वो असं केलं?" अक्का पडल्या पडल्या म्हणाली, "देवानं कुठं, डॉक्टरनं केलं. देवाला एवढं नीट कापाय जमतंय व्हय?" दुसरी म्हणाली, आता लवकर बऱ्या व्हा. तिला म्हणाली, "मी बरी झाल्यावर तुला काय करमणूक ऱ्हाईल?" त्यानंतर बायका यायच्या बंद झाल्या.

पण ती जागा मात्र तिनं कुणाला दाखवली नाही. स्वतःही कधी बघितली नाही. आंघोळीच्या खोलीतला आरसा तिनं काढायला लावला. डावा हात वर जात नव्हता म्हणून आंघोळ मनीषा घालायची. अक्का भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मनीषाला सांगायची, "डोळं मिटून घाल." मनीषा हो म्हणायची आणि डोळे उघडे ठेवून नीट पुसून घ्यायची.

मग केमोचे डोस झाले. केस गेले, तोंड आलं, नखं काळी पडली. शेवटच्या डोसाच्या वेळी सिस्टर म्हणाली, "मावशी, सुटलात. आता फक्त शेक घ्यायचे. रोज यायचं." दवाखान्यात रेडिएशनला सगळे पेशंट शेकच म्हणतात. सिस्टरही त्यांच्याच शब्दात बोलली. आता यात चूक कुणाची म्हणायची?

संक्रांतीचे दिवस होते, गुऱ्हाळ जोरात चालू होतं. अक्का घरी आली, बाजेवर बसली आणि तिनं जाहीर केलं, "शेकायला रोज पुण्याला जायचं म्हणत्यात. आपलं चुलवाण काय थंड पडलंय?"

मी म्हटलं, "खरं म्हणजे अक्का, तो शेक वेगळा. मशीनमधून किरण सोडतात."

"किरण म्हंजी ऊनच ना?"

मनीषानं मोबाईलवर काढून दाखवलं. मशीन, पांढरा कपडा, त्याखाली झोपलेली बाई. ती म्हणाली, "अक्का, ह्यो इजेचा शेक हाय. घरी व्हायचा न्हाई. ह्यानं आत उरलंसुरलं जळून जातं."

अक्कानं मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. समोर दोन-चार लोक बसले होते, त्यांना म्हणाली, "सावकाश डॉक्टर झाली बघा. हिच्या हातनं ऑपरेशन केलं तर पेशंट म्हातारा होऊन मरंल." लोक हसले. मग सुनेकडे वळून म्हणाली, "त्यांचा शेक इजेचा, आपला चिपाडाचा. मीठ बांध फडक्यात." मुलाकडे मी आशेनं बघितलं. दिलीप म्हणाला, त्याची सेकंड शिफ्टची ड्युटी आहे.

उसाची चिपाडं जळून लाल झालेल्या चुलवाणाच्या तोंडाशी तवा ठेवायचा, त्यावर जाड मिठाची पुरचुंडी तापवायची आणि आत नेऊन अक्काच्या छातीला शेक द्यायचा, हे मनीषाचं रोजचं काम झालं. मधलं दार अर्धं उघडं असायचं. मी कितीदा पाहिलंय, पुरचुंडी अक्काला लावायच्या आधी मनीषा ती स्वतःच्या गालाला लावून बघायची. ऑपरेशननंतर त्या जागेची जाणीव गेली होती, त्यामुळे अक्का आतून ओरडायची, "लागत न्हाई, आजून तापीव." मनीषा तापवायची नाही. नुसतीच चुलवाणापर्यंत जाऊन यायची आणि म्हणायची, "तापीवलं." अक्काला त्या शेकानं बरं वाटायचं. हंगाम संपल्यावर घरच्या चुलीवर, दुसरा आल्यावर पुन्हा चुलवाणावर, शेक चालूच राहिला. पुण्याला तपासायला जायच्या तारखा आल्या आणि गेल्या.

दिवाळीनंतर एकदा आंघोळ घालताना मनीषाला टाक्यांच्या ओळीवर दाण्यासारखं काहीतरी लाल दिसलं. ती म्हणाली, "अक्का, हितं फोड आल्यासारखा दिसतोय. पुण्याला दावू या." अक्का आणखी भिंतीकडे वळली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्या जागेवर स्वतःचा हात फिरवला. मग म्हणाली, "भाजलंस मला."

हा फोड भाजल्याचाच आहे असं तिनं ठरवून टाकलं. एकाचे तीन झाले तशी ती जास्तच ठाम झाली. कापलेल्या जागी दुखणं परत कसं येईल? तिथं उरलंय काय? डॉक्टरांनी सगळं काढलंय, कागदावर तसं लिहिलंय. मग राहिलं कोण, तर रोज गरम पुरचुंडी लावणारी. चार दिवसांत सगळ्या गावाला माहीत झालं की यमाक्काला सुनेनं भाजलं.

आठवडाभरानं तिनं मनीषाच्या वडिलांना पाबळहून बोलावून घेतलं. घरात नाही, गुऱ्हाळावर. काहिलीभोवती कामगार होते, ऊस घेऊन आलेले शेतकरी होते, शेजारपाजारच्या बायका होत्या, शाळा सुटली होती म्हणून मीही होते. पाबळचे आबा पांढरी टोपी घालून बापडे उन्हात उभे होते. त्यांना बसा कुणी म्हटलं नाही.

अक्का बाजेवरून म्हणाली, "हिला मी सावकाश म्हणत हुते. माझं काम मातूर हिनं झटपट करायचं धरलं."

दोघं-तिघं हसले. मनीषा म्हणाली, "आधी माज्या गालाला लावून बघत हुते मी. रोज."

"असती काहींच्या गालाची कातडी जाड," अक्का म्हणाली.

मी मध्ये बोलले. मी बघितलंय, ती गालाला लावते, असं सांगितलं. अक्का म्हणाली, "बाई, तू भाडेकरू हायस." तेवढ्यात आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या पायाशी गुळाच्या ढेपा रचल्या होत्या त्यांवर ठेवली. म्हणाले, "पोर चुकली असंल तर पदरात घ्या. लहान हाय."

सगळे मनीषाकडे बघत होते. ती रडेल अशी वाट बघत होते.

अक्का म्हणाली, "टोपी उचला आबा. गुळाला केस लागत्यात."

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस वाकून टोपी उचलत होता आणि त्याला ती लवकर सापडेना, कारण डोळे भरले होते. दिलीप मोबाईलमध्ये बघत होता. थोड्या वेळानं तो गाडीला किक मारून ड्युटीवर गेला. मनीषा बापाबरोबर पाबळला गेली आणि ईश्वरीला अक्कानं ठेवून घेतलं. कारण काय, तर शाळा बुडेल. पहिली-दुसरी दोन्ही वर्ग माझ्याकडेच होते; दुसरीत गेलेली ती पोर त्यानंतर वर्गात रोज खिडकीशी बसायला लागली आणि मी तिला कधी तिथून उठवलं नाही.

आता फोडांना मलम लावायला कुणी नव्हतं. कामाला ठेवलेली बाई वासानं दोन दिवसांत गेली. मग अक्कानं मला बोलावलं. म्हणाली, "तू कुणाला सांगणार न्हाईस. आन् सांगितलंस तरी कुणी ऐकत न्हाई तुजं." तिनं मान भिंतीकडे वळवली आणि मी पहिल्यांदा ती जागा बघितली. भाजल्याचे फोड मी बघितले आहेत. ते पाण्यानं भरतात, फुटतात, खपली धरतात. हे घट्ट होते, एकाला एक चिकटलेले, आणि मधला एक उघडा पडून पाझरत होता. मी तिला सांगितलं की हे भाजलेलं नाही. ती म्हणाली मलम लाव. रोज मी सांगायचे आणि रोज ती म्हणायची मलम लाव. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी म्हटलं, पुण्याला येणार असाल तरच मलम लावीन. तेव्हा ती उठली. दिलीपला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच घेऊन गेले.

तरुण डॉक्टर होते. त्यांनी बघितलं, कपडे नीट करायला सांगितले आणि विचारलं, "रेडिएशन कुठे घेतलंत? शेक?"

"घरी," अक्का म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अक्कानंच त्यांना सगळं समजावून सांगितलं, मीठ किती, फडकं कसलं, चुलवाण कसं. वर म्हणाली, "एक दिवस खाडा केला न्हाई." डॉक्टरांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "मावशी, हे भाजलेलं नाही. आजार जागच्या जागी परत आलाय."

"जागा तर तुम्ही कापून नेली."

"कापल्यानंतरही कातडीत, टाक्यांच्या आसपास काही पेशी राहू शकतात. त्या राहू नयेत म्हणूनच शेक द्यायचे होते."

अक्कानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हंजी खोडवा."

डॉक्टरांना तो शब्द माहीत नव्हता. तिनं सांगितलं, "ऊस बुडख्यातनं तोडला तरी मातीत त्येचं डोळं ऱ्हात्यात. लागण करावी लागत न्हाई, पाणी मिळालं की आपोआप फुटतोय. त्येला खोडवा म्हणत्यात." डॉक्टर म्हणाले, हो, तसंच. पुढं त्यांनी तुकडा तपासायला घेतला, औषधं सुरू करू म्हणाले, मग खरे शेक, जमलं तर पुन्हा ऑपरेशन. किती उपयोग होईल हे आत्ता सांगता येणार नाही असंही स्पष्ट सांगितलं.

परतीच्या गाडीनं लोणी स्टेशन सोडलं. अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गावात भाजलंय असंच ऱ्हाऊ दे."

"का?"

"भाजलेलं बरं होतंय."

मी म्हटलं, "आणि मनीषा?"

"ती हाय की बापाच्या घरी. खाऊन पिऊन सुखी."

माझं डोकं फिरलं. शेजारी माणसं बसली होती तरी मी आवाज चढवून म्हटलं, "तिनं तुम्हाला मशीनचा शेक दाखवला होता. तुम्ही लोकांपुढे तिची टर उडवलीत. तिच्या बापाची टोपी पायाशी आणलीत. तिची पोर ठेवून घेतलीत. आता खरं माहीत असूनही गप्प बसणार?" अक्कानं तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवलं. केडगावला उतरताना तिनं आधारासाठी हात पुढं केला. मी तो धरला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस गावात भाजलंय हेच चालू राहिलं. मी मलम लावायला जायचे, तेवढंच. वास वाढला होता. एक दिवस ती ओसरीवरून आत येत असताना खेळणाऱ्या ईश्वरीनं नाक चिमटीत धरलं आणि मैत्रिणींना सांगितलं, "सरका, वासाक्का आली." मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मी आतून धावले, पण अक्कानं मला हातानं अडवलं. नातीकडे बघत ती म्हणाली, "नाव चांगलं ठेवलं. माझ्याच रक्ताची हाय." मग खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला मधल्या दारातून सांगितलं, "जीप सांगितलीया. पाबळला जायचंय. तू चल."

पाबळला मनीषा दारात कांद्याच्या ढिगाऱ्यापुढे बसून पाती कापत होती. आम्हाला बघून ती उठली, पाणी दिलं, आणि पुन्हा बसून पाती कापायला लागली. अक्का म्हणाली, "भाजलेलं न्हाई. परत आलंय."

"मला ठावं हुतं," मनीषा म्हणाली.

"मग चल."

"येते. पण आबांनी टोपी जिथं ठिवली तिथं समद्यांम्होरं सांगायचं."

"तिथं माणसं असत्यात."

"तवाबी हुती," मनीषा म्हणाली.

अक्कानं बरीच घासाघीस करून बघितली. घरातल्या घरात सांगते, चार बायकांना सांगते, दिलीपला सांगते. मनीषा दर वेळी नुसती मान हलवायची आणि कांदा टोपलीत टाकायची. शेवटी अक्का जीपकडे निघाली आणि मागं न बघता म्हणाली, "आबांनाबी संगं घे."

त्याच जूनमध्ये माझी बदली शिरूर तालुक्यात झाली आणि श्रावणात अक्का गेल्याचा फोन आला. त्यामुळे मी तिला नीट असं शेवटचं पाहिलं ते पाबळहून परत आलो त्या दुपारीच.

गुऱ्हाळ बंद होण्याचे शेवटचे दिवस होते. चुलवाण धडधडत होतं, उसाच्या दोन गाड्या लागल्या होत्या. मागच्या वेळची बरीचशी माणसं होती आणि जीपमधून कोण उतरतंय हे बघून आणखी जमली. दिलीप त्या दिवशी घरीच होता. आबा या वेळीही लांबच उभे राहिले. अक्का बाजेवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "ऐका. हिनं मला भाजलं न्हाई. माझा खोडवा फुटलाय."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच हसले. यमाक्का, खोडवा, काय शब्द काढलाय. इतक्या वर्षांत तिनं त्यांना हसायचीच सवय लावली होती. एक शेतकरी म्हणाला, "अक्का, तुमचं आपलं कायबी." आणि एक म्हातारा मान डोलवत शेजारच्याला म्हणाला, "घरची अब्रू झाकतीया. सुनेला पदरात घेतलं. मोठ्या मनाची बाई." दोन-तीन बायकांनी लगेच होकार दिला. एकीनं तर मनीषाला म्हटलं, "पाया पड गं सासूच्या."

मनीषा जागची हलली नाही. ती फक्त अक्काकडे बघत राहिली.

अक्का ओरडली, "मी खरं सांगतीया, भाडखाऊंनो." तरी ते हसले. तेव्हा तिनं उजव्या हातानं खांद्यावरचा पदर ओढून खाली टाकला. त्याच हातानं ब्लाऊजची बटणं काढली आणि पट्टी सोडून ती जागा सगळ्यांपुढे उघडी केली. ज्या जागेकडे तिनं स्वतःसुद्धा बघितलं नव्हतं ती जागा.

बायकांनी तोंडावर पदर घेतले. पुरुषांच्या माना खाली गेल्या. कुणी चुलवाणाकडे, कुणी स्वतःच्या चपलांकडे. पाबळचे आबा तोंड फिरवून निघाले. मनीषानं त्यांची बाही धरली.

"आबा, थांबा. नीट बघा," ती म्हणाली. मग बाकीच्यांकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "खाली काय बघताय? तवा माझ्याकडं तर समदे टक लावून बघत हुता."

मला वाटलं, आता मी पुढं व्हावं, पदर उचलून तिच्या अंगावर टाकावा. मी एक पाऊल टाकलंही. अक्कानं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथंच थांबले. तिनं ब्लाऊज धरून ठेवला होता.

"ती म्हणतीया ना बघा," अक्का म्हणाली. "मग बघा."

एकेक मान वर झाली. बघितलं की माणूस मागं सरायचा आणि दुसऱ्याला वाट द्यायचा. म्हाताऱ्यानं बघितलं. पाया पड म्हणणारीनं बघितलं. आबांनी बघितलं आणि हात जोडले. शेवटी एकट्या दिलीपची मान खाली राहिली होती. मनीषा त्याच्यासाठी थांबली, अक्काही थांबली. त्यानं मान वर केली तेव्हा मनीषानं खाली पडलेला पदर उचलला, त्याची माती झटकली आणि सासूच्या खांद्यावर टाकला.